पेनड्राइव्ह लावला, पण उघडलाच नाही: लिनक्स वापरणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भुसावळला आमचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चे अपडेट थांबले, आणि जुन्या मशीनवर लिनक्स टाकून घेणारी मंडळी वाढली. शाळेतले सर आले, फोटो स्टुडिओवाले आले, सावदा-रावेरकडचे केळीचे व्यापारीही आले. मशीन घरी गेलं की आठवड्याभरात फोन येतो आणि तो बहुतेक वेळा पेनड्राइव्हबद्दलच असतो. तेच तेच प्रश्न इथे एकदा लिहून ठेवले आहेत.

कमांड आम्ही फोनवर सांगतो तशाच, उच्चाराप्रमाणे लिहिल्या आहेत. 'एलएसबीएलके' लिहिलं असेल तर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, एल, एस, बी, एल, के ही अक्षरं इंग्रजी लहान लिपीत सलग टाइप करायची. आकडे आणि तिरप्या रेघाही इंग्रजीतच.

१. पेनड्राइव्ह लावला की आपोआप उघडतो, हे काम नक्की कोण करतं?

चौघं मिळून करतात. पहिला कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. यूएसबीला काहीतरी जोडलं गेलं हे त्याला कळतं आणि तो त्या वस्तूला '/डेव्ह/एसडीबी१' असं नाव देतो. दुसरा युडेव्ह. तो आतली फाइलसिस्टम (फाइली साठवायची पद्धत) कोणती, लेबल काय, हे वाचून ठेवतो. तिसरी युडिस्क्स२ नावाची सेवा. प्रत्यक्ष माउंट ती करते, म्हणजे पेनड्राइव्हमधल्या फाइली एका फोल्डरला जोडून देते. उबंटू, मिंट, डेबियन या लिनक्सच्या प्रकारांमध्ये हे फोल्डर '/मीडिया/तुमचं नाव' इथे असतं. फेडोरा आणि आर्चमध्ये ते '/रन/मीडिया/तुमचं नाव' इथे सापडतं. चौथा तुमचा डेस्कटॉप, म्हणजे ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीई किंवा केडीई. 'नवीन ड्राइव्ह आला, माउंट कर' असा निरोप युडिस्क्सला तो देतो आणि खिडकी उघडून दाखवतो.

भुसावळकरांच्या भाषेत सांगायचं तर गाडी यार्डात आल्याचं कर्नलला कळतं आणि तिला नंबरही तोच देतो, तिची पाटी युडेव्ह वाचतो, प्लॅटफॉर्मला युडिस्क्स लावतो आणि अनाउन्समेंट डेस्कटॉपची. अनाउन्समेंट ऐकू आली नाही म्हणून गाडीच आली नाही असं होत नाही. खालचे सगळे प्रश्न या चौघांपैकी नेमकं कोण अडलंय, एवढंच शोधायचे आहेत.

२. लावला, तर काहीच होत नाही. आते काय करू, भाऊ?

फॉरमॅट करू नका, हे पहिलं. 'डिस्क वाचता येत नाही' म्हटल्याबरोबर फॉरमॅट करून मग फोटो परत मागायला आलेली माणसं आम्ही दर लग्नसराईत बघतो.

पेनड्राइव्ह काढा. टर्मिनल उघडून 'एलएसबीएलके' द्या. यादी बघून घ्या. आता पेनड्राइव्ह लावा, दहा सेकंद थांबा, पुन्हा तीच कमांड द्या. दुसऱ्या यादीत वाढलेली ओळ हाच तुमचा पेनड्राइव्ह. नावावर विश्वास ठेवू नका, एसडीबी आज आहे, उद्या एसडीसी असेल. आकार बघा: १६ जीबीचा पेनड्राइव्ह साधारण १४.९ किंवा १४.४ जी असा दिसतो, कारण विकणारा हजाराच्या हिशोबाने मोजतो आणि कमांड १०२४ च्या.

आता चारपैकी एक गोष्ट दिसेल. नवीन ओळच आली नाही, तर अडचण वायर, पोर्ट, करंट किंवा कर्नलची आहे, प्रश्न ३ ला जा. ओळ आली आणि शेवटच्या रकान्यात फोल्डरचा पत्ताही आहे, तर ड्राइव्ह माउंट झालेलाच आहे, फक्त खिडकी उघडली नाही. फाइल मॅनेजरच्या डाव्या पट्टीत तो सापडेल. ओळ आली पण पत्ता रिकामा आहे, तर फाइल मॅनेजरमध्ये त्याच्या नावावर क्लिक करून बघा. उघडला तर प्रश्न ५, एरर आला तर ६ ते ९. चौथी शक्यता वाईट: 'एसडीबी' आहे, पण खाली 'एसडीबी१' नाही. 'एलएसबीएलके -एफ' द्या. एसडीबीसमोरच फाइलसिस्टमचं नाव दिसलं तर घाबरायचं कारण नाही, काही पेनड्राइव्ह पार्टिशन (भाग) न पाडता फॉरमॅट केलेले असतात. तिथेही काहीच नसेल तर पार्टिशन टेबल उडालेलं असू शकतं. त्यावर काही लिहू नका. 'टेस्टडिस्क' नावाचं फुकट सॉफ्टवेअर हरवलेलं पार्टिशन शोधून देतं, आणि बऱ्याचदा देतंच.

३. एलएसबीएलकेच्या यादीत दिसतच नाही. पेनड्राइव्ह गेला का?

लगेच गेला म्हणू नका. आधी पोर्ट बदला. कॅबिनेटच्या पुढच्या बाजूचे पोर्ट आतल्या लांब वायरने जोडलेले असतात, ती वायर सैल झालेली आम्ही कितीतरी वेळा पाहिली आहे. मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डवर लावून बघा. हब असेल तर काढून टाका.

बाहेरची हार्डडिस्क असेल तर करंटचा प्रश्न असतो. यूएसबी २ चं पोर्ट नियमाने ५०० मिलिअँपिअर देतं, यूएसबी ३ चं ९०० पर्यंत. फिरती हार्डडिस्क सुरू होताना जास्त ओढते. टिक-टिक आवाज येऊन बंद पडत असेल तर निळ्या (यूएसबी ३ च्या) पोर्टला आणि आखूड, जाड वायरने लावा.

तरी दिसत नसेल तर 'सुडो डीएमईएसजी -डब्ल्यू' सुरू ठेवून पेनड्राइव्ह लावा. मशीन काय बोलतंय ते ओळीओळीने येईल. 'एरर -७१' किंवा 'एरर -११०' वारंवार येत असेल तर बोलणं मध्येच तुटतंय, म्हणजे वायर, पोर्ट किंवा पेनड्राइव्हचा कंट्रोलर. 'ओव्हर-करंट' आलं तर पोर्टमध्ये शॉर्ट असू शकतं, आधी पोर्ट साफ करा. उन्हाळ्यात आमच्याकडे धुळीची काय कमतरता. काहीच ओळ आली नाही, तर दुसऱ्या मशीनवर लावून बघितल्याशिवाय बोलू नये.

एक फसवा प्रकार: 'एलएसयूएसबी' म्हटलं तर नाव दिसतं, पण एलएसबीएलकेत दिसत नाही. कार्ड रीडर असेल तर बहुतेक कार्डच आत नीट बसलेलं नसतं. पेनड्राइव्ह असेल तर कंट्रोलर जिवंत आणि आतली मेमरी चिप मेलेली, असं असू शकतं. पण हे नुकतंच अपडेट केल्यावर आणि सगळ्याच पेनड्राइव्हना होत असेल तर आधी प्रश्न १६ वाचा.

४. मोबाइल लावला तर फक्त चार्ज होतो. त्याचं फोल्डर येत नाही.

अँड्रॉइड फोन हा पेनड्राइव्ह नव्हे. तो एमटीपी नावाच्या वेगळ्या पद्धतीने फाइली देतो, म्हणून एलएसबीएलकेत तो कधीच दिसणार नाही आणि वरची तपासणी त्याला लागू नाही. फोनचं लॉक उघडा, वरून पट्टी खाली ओढा, 'चार्जिंग' ऐवजी 'फाइल ट्रान्सफर' निवडा. तो पर्यायच येत नसेल तर वायर बदला, स्वस्तातल्या काही वायरींमध्ये डेटाच्या तारा नसतातच. ग्नोम, सिनॅमन, एक्सएफसीईत 'जीव्हीएफएस'चा एमटीपी भाग लागतो, केडीईत 'केआयओ'चा.

५. क्लिक केलं की उघडतो, पण आपोआप उघडत नाही. पूर्वी उघडायचा.

म्हणजे पहिले तिघे ठीक आहेत, चौथा गप्प आहे. प्रत्येक डेस्कटॉपची सेटिंग वेगळी.

ग्नोममध्ये 'डीकॉन्फ एडिटर' टाकून ऑर्ग, ग्नोम, डेस्कटॉप, मीडिया-हँडलिंग या वाटेने जा. 'ऑटोमाउंट' आणि 'ऑटोमाउंट-ओपन' अशा दोन कळा आहेत. पहिली माउंट करते, दुसरी खिडकी उघडते. फक्त दुसरी बंद असेल तर ड्राइव्ह आत येतो आणि दिसत मात्र नाही, मग लोक म्हणतात माउंट होत नाही. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये निमो फाइल मॅनेजरच्या प्रेफरन्सेसमध्ये मीडिया हँडलिंगचा भाग बघा.

एक्सएफसीईत 'थुनार-व्हॉलमन' हे पॅकेज असावं लागतं. हलकं इन्स्टॉलेशन केलेल्यांकडे नेमकं हेच नसतं. ते टाकून सेटिंग्जमधल्या 'रिमूव्हेबल ड्राइव्ह्ज अँड मीडिया'त पहिली खूण करा.

केडीई प्लाझ्मा मुळातच आपोआप माउंट करत नाही, खाली कोपऱ्यात सूचना दाखवून थांबतो. हा बिघाड नाही. सिस्टिम सेटिंग्जच्या शोधात 'ऑटो माउंट' टाइप करा आणि चालू करा. खरं सांगायचं तर मला केडीईचीच पद्धत पटते. ज्याला हवं त्याने क्लिक करावं.

आयथ्री, ओपनबॉक्स असं नुसतं विंडो मॅनेजर वापरत असाल तर निरोप देणारा चौथा माणूसच तुमच्याकडे नाही. 'युडिस्की' टाका आणि लॉगिनबरोबर सुरू होईल असं करा.

स्क्रीन लॉक असताना लावला असेल तर ग्नोम मुद्दाम थांबतो. कुलूप असलेल्या मशीनला कुणीही येऊन पेनड्राइव्ह लावू नये म्हणून.

६. क्लिक केलं की पासवर्ड मागतो, किंवा 'नॉट ऑथोराइज्ड' म्हणतो.

कोणाला काय करू द्यायचं हे पोलकिट ठरवतं. मशीनसमोर बसून लॉगिन केलेल्या माणसाला काढता येणारा ड्राइव्ह पासवर्डशिवाय माउंट करता येतो. आतल्या हार्डडिस्कचं दुसरं पार्टिशन, उदाहरणार्थ जुन्या विंडोजचा डी ड्राइव्ह, हा सिस्टिमचा भाग धरला जातो आणि त्याला पासवर्ड लागतो. तेव्हा आधी बघा, तुम्ही पेनड्राइव्हच उघडताय ना.

पेनड्राइव्हलाच मागत असेल तर तुम्ही एसएसएच किंवा रिमोट डेस्कटॉपने, म्हणजे दुसऱ्या मशीनवरून, आत आला असाल. चाळीसगावहून एका सरांनी शाळेच्या मशीनवर दुरून लॉगिन केलं, शिपायाला पेनड्राइव्ह लावायला सांगितलं आणि तासभर पासवर्डशी भांडत बसले. त्या मशीनसमोर ते नव्हते, म्हणून पोलकिटच्या हिशोबाने ते पाहुणे होते. 'लॉगिनसीटीएल शो-सेशन' कमांडने आपलं सेशन बघता येतं. त्यात 'अ‍ॅक्टिव्ह' समोर 'येस' आणि 'रिमोट' समोर 'नो' हवं.

पासवर्डची खिडकी न येता नुसताच नकार येत असेल तर पोलकिटचा एजंट चालू नाही. नुसत्या विंडो मॅनेजरवाल्यांना हा एजंट स्वतः सुरू करावा लागतो.

७. एकाच मशीनवर, एकाच पोर्टला 'सिस्टिम-मॅनेज्ड डिव्हाइस' किंवा 'ओन्ली रूट कॅन डू दॅट' असा एरर येतो.

हा माझा आवडता बिघाड, कारण सापडला की दोन मिनिटांत सुटतो. '/ईटीसी/एफएसटॅब' ही फाइल बघा. मशीन सुरू होताना काय कुठे माउंट करायचं याची ती यादी आहे. पेनड्राइव्हवरून डेबियन इन्स्टॉल केलं की कधी कधी इन्स्टॉलर तिथे '/डेव्ह/एसडीबी१' साठी एक ओळ सोडून जातो. त्यानंतर जो पेनड्राइव्ह एसडीबी१ होईल त्याला त्या ओळीचे नियम लागतात, आणि डेस्कटॉप हात वर करतो. दोन पेनड्राइव्ह लावले तर दुसरा एसडीसी होऊन व्यवस्थित उघडतो, म्हणून लोकांना वाटतं पहिला खराब आहे.

फाइलची एक प्रत काढून ठेवा आणि त्या ओळीच्या सुरुवातीला हॅश लावून ती बंद करा. मशीनच्या आतल्या डिस्कच्या ओळींना हात लावू नका.

८. बॅकअपची हार्डडिस्क एफएसटॅबमध्ये लिहिली. आता ती न लावता मशीन चालूच होत नाही.

होणारच नाही. ओळीत 'नोफेल' लिहायचं राहिलं. ते नसलं की सिस्टिमडी (मशीन सुरू होताना सगळ्या सेवा चालू करणारा प्रोग्राम) त्या डिस्कची ९० सेकंद वाट बघतं आणि मग इमर्जन्सी मोडमध्ये काळा पडदा दाखवून थांबतं. डिस्क जवळ असेल तर लावून मशीन चालू करा. नसेल तर त्या काळ्या पडद्यावर रूटचा (मशीनच्या मुख्य खात्याचा) पासवर्ड द्या, नॅनो या एडिटरने एफएसटॅब उघडा, ओळ बंद करा आणि रीबूट करा. रूटला पासवर्डच दिलेला नसेल, उबंटूत तो नसतो, तर लाइव्ह (इन्स्टॉल न करता लिनक्स चालवणाऱ्या) पेनड्राइव्हवरून मशीन सुरू करूनही फाइल दुरुस्त करता येते.

नीट लिहायचं असेल तर एसडीबी१ ऐवजी डिस्कचा यूयूआयडी (तिचा स्वतःचा ओळख क्रमांक) लिहा, 'एलएसबीएलके -एफ' मध्ये तो मिळतो. पर्यायांमध्ये 'नोफेल' आणि 'एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट' घाला. दुसऱ्या पर्यायाने ती डिस्क कोणी फोल्डर उघडलं तेव्हाच माउंट होते. रोज लावायच्या-काढायच्या पेनड्राइव्हसाठी मात्र एफएसटॅब वापरूच नका, ते काम युडिस्क्सचं.

९. विंडोजवर चालतो, इथे 'अननोन फाइलसिस्टम टाइप' येतं.

'एलएसबीएलके -एफ' मध्ये कोणतं नाव दिसतं त्यावर उत्तर आहे.

एक्सफॅट: ३२ जीबीच्या वरची कार्डं याच फाइलसिस्टममध्ये येतात, त्यामुळे स्टुडिओवाल्यांना हाच एरर जास्त. मायक्रोसॉफ्टने २०१९ मध्ये याचा तपशील खुला केला, आणि २०२० मध्ये आलेल्या ५.७ कर्नलपासून लिनक्समध्ये तो चांगला चालतो. तुमचं कर्नल त्याहून जुनं असेल तर 'एक्सफॅट-फ्यूज' पॅकेज टाका. तपासणी आणि फॉरमॅटसाठी 'एक्सफॅटप्रॉग्ज' लागतं.

एनटीएफएस: बरीच वर्षं 'एनटीएफएस-३जी' हेच होतं, २०२१ च्या ५.१५ कर्नलमध्ये 'एनटीएफएस३' आलं. एरर आलाच तर बहुतेक वेळा ड्रायव्हर मशीनवर असतोच, पण डिस्क अर्धवट बंद झालेली असते. ते प्रश्न १० मध्ये आहे.

बिटलॉकर: कुलूप लावलेला ड्राइव्ह आहे. ग्नोमसारखे डेस्कटॉप पासवर्ड विचारतात. त्यासाठी २०२० किंवा त्यानंतरचं 'क्रिप्टसेटअप' हवं. ऑफिसच्या लॅपटॉपवरून आलेला ड्राइव्ह असेल तर पासवर्ड किंवा ४८ अंकी रिकव्हरी की ऑफिसकडूनच मागा. आम्हाला मागू नका, आमच्याकडे ती नसते.

१०. उघडतो, वाचता येतं, पण काही टाकता येत नाही.

कारणं पाच आहेत, सोप्यापासून बघा.

एसडी कार्डच्या बाजूची बारीक कळ खाली सरकली आहे का? हसू नका, शिरपूरहून एक जण एवढ्यासाठी आला होता.

एनटीएफएस डिस्क विंडोजमध्ये असताना लाइट गेली किंवा विंडोज 'फास्ट स्टार्टअप'ने बंद झालं, तर डिस्कवर 'काम अर्धवट' अशी खूण राहते. लिनक्स मग एकतर फक्त वाचू देतं किंवा माउंटच करत नाही. हा नकार बरोबर आहे. विंडोज मशीन मिळत असेल तर तिथे 'सीएचकेडीएसके' चालवा, डिस्क नीट इजेक्ट करा आणि फास्ट स्टार्टअप कायमचं बंद करा. मिळतच नसेल तर 'एनटीएफएसफिक्स' आहे, पण ते किरकोळ डागडुजी करून खूण पुसतं, सीएचकेडीएसकेची जागा घेत नाही. आधी डेटा काढून घ्या.

फॅट३२ पेनड्राइव्ह कॉपी चालू असताना मध्येच 'रीड-ओन्ली' झाला, तर कर्नलला आत चूक सापडली आणि आणखी नुकसान नको म्हणून त्याने लिहिणं थांबवलं. अनमाउंट करून 'सुडो एफएससीके.फॅट -ए' आणि पुढे पार्टिशनचं नाव द्या. आमच्या भागात लोडशेडिंगमुळे हे नेहमीचं.

ड्राइव्ह ईएक्सटी४ असेल तर फाइलींना मालक असतो. दुसऱ्या मशीनवर बनवलेल्या ड्राइव्हचा मालक रूट किंवा भलताच कोणी निघतो. माउंट झाल्यावर त्या फोल्डरवर 'सुडो सीएचओडब्ल्यूएन' वापरून तो आपल्या नावावर करा. हीच कमांड फॅट किंवा एक्सफॅटवर देऊ नका. तिथे मालकी नावाची गोष्टच नाही, 'ऑपरेशन नॉट परमिटेड' एवढंच उत्तर येईल.

यातलं काहीच नसेल, फॉरमॅटही होत नसेल, तर मेमरी झिजून पेनड्राइव्ह कायमचा फक्त वाचण्यापुरता उरला आहे. वाचता येतंय तोवर कॉपी काढा आणि फेकून द्या.

११. लग्नाचा व्हिडिओ कॉपी होताना ४ जीबीला थांबतो, जागा तर भरपूर आहे.

फॅट३२ मध्ये एक फाइल ४ जीबीची होऊ शकत नाही. माउंटचा याच्याशी संबंध नाही. ड्राइव्ह रिकामा करून एक्सफॅट करा.

१२. कॉपी पूर्ण झाली असं दिसलं, लगेच काढला. घरी टीव्हीला लावला तर व्हिडिओ अर्धाच.

लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतं आणि पेनड्राइव्हवर मागाहून सावकाश उतरवतं. पट्टी १०० टक्के झाली म्हणजे रॅमपर्यंतचं काम झालं. मशीनला रॅम भरपूर आणि पेनड्राइव्ह संथ असेल तर पुढची काही मिनिटं लिहिणं चालूच असतं.

फाइल मॅनेजरमधल्या नावाशेजारच्या इजेक्टच्या खुणेवर क्लिक करा आणि 'आता काढू शकता' असा निरोप येईपर्यंत हात लावू नका. टर्मिनलवाल्यांनी 'सिंक' द्यावं. कर्सर परत येत नाही तोवर लिहिणं चालू आहे असं समजा. फिरत्या हार्डडिस्कसाठी नुसतं अनमाउंट पुरत नाही, 'युडिस्क्ससीटीएल पॉवर-ऑफ -बी' आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की ती फिरायची थांबते, मग उचला.

१३. इजेक्ट केलं तर 'टार्गेट इज बिझी'.

कोणीतरी आत बसलंय. बहुतेक वेळा तुम्हीच, टर्मिनलमध्ये त्याच फोल्डरमध्ये उभे राहून. 'सीडी' देऊन बाहेर या. तरी सुटत नसेल तर 'फ्यूजर -व्हीएम' आणि पुढे माउंटचं फोल्डर लिहा, कोणता प्रोग्राम धरून बसलाय ते कळेल. फोटोंचे छोटे नमुने बनवणारा प्रोग्राम असेल तर मिनिटभर थांबा, आपण होऊन सोडतो.

१४. पेनड्राइव्हच्या नावापुढे अचानक '१' का लागतो? माझा बॅकअप भलतीकडे गेला.

एकाच लेबलचे दोन ड्राइव्ह लावले की युडिस्क्स दुसऱ्याच्या फोल्डरला १ जोडतो. पण एकच ड्राइव्ह असूनही १ लागला, तर जुन्या नावाचं फोल्डर तिथे आधीच पडलेलं आहे. मशीन अचानक बंद झालं किंवा एखाद्या स्क्रिप्टने ड्राइव्ह नसताना तिथे लिहिलं, की असं फोल्डर उरतं.

यात मीही पोळलोय. दुकानाच्या हिशोबाचा बॅकअप रोज रात्री ठरलेल्या पत्त्यावर जायचा. एकदा डिस्क काढलेली होती, स्क्रिप्टने तिथे साधं फोल्डर बनवून त्यात फाइली भरल्या, आणि पुढे डिस्क लावली की ती '१' नावाने उघडायला लागली. तीन आठवडे बॅकअप त्याच मशीनच्या आतल्या डिस्कवर साठत होता आणि मी निर्धास्त. आता स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत 'माउंटपॉइंट' ही कमांड आहे, ड्राइव्ह खरोखर जोडलेला नसेल तर पुढे जायचंच नाही. रिकाम्या फोल्डरसाठी ड्राइव्ह काढून 'सुडो आरएमडीआयआर' वापरा. फोल्डर खरंच रिकामं असलं तरच ही कमांड ते काढते, म्हणून सुरक्षित.

लेबलवरून आठवलं. ईएक्सटी४ च्या लेबलला १६ बाइटची जागा असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट खातं. 'धुळे' १२ बाइट, बसतं. 'जळगाव' १५, जेमतेम बसतं. 'भुसावळ' १८, बसत नाही. 'नंदुरबार'ने तर प्रयत्नच करू नये. फाइलींची नावं मात्र मराठीत खुशाल ठेवा.

१५. आठवडे बाजारातून २ टीबीचा पेनड्राइव्ह स्वस्तात आणला. माउंट होतो, फाइली टाकल्या की खराब होतात.

तो २ टीबीचा नाही. आतली चिप लहान असते आणि कंट्रोलर खोटा आकार सांगतो. खरी जागा संपली की पुढचं लिहिलेलं हवेत जातं, आणि नावं दिसतात पण फाइली उघडत नाहीत. 'एफ३' नावाची साधनं टाका. रिकाम्या पेनड्राइव्हवर 'एफ३राइट' फाइली भरतं आणि 'एफ३रीड' त्या परत वाचून खरा आकार सांगतं. पूर्ण भरायचा असल्याने रात्रभर लागू शकतो. परत करायला गेलात तर पुढच्या बाजाराला तो दुकानदार दुसरीकडे बसलेला असेल, हे गृहीत धरा.

१६. अपडेट केल्यापासून एकही पेनड्राइव्ह लागत नाही. माउस-कीबोर्ड चालतात.

रीबूट केलंत का? आर्च आणि त्याच्यावर बेतलेल्या वितरणांमध्ये कर्नल अपडेट झालं की जुन्या कर्नलची मॉड्यूल्स (गरज पडेल तेव्हा चढणारे तुकडे) काढून टाकली जातात. चालू मात्र जुनंच कर्नल असतं. पेनड्राइव्हला लागणारं 'यूएसबी-स्टोरेज' किंवा एक्सफॅटचं मॉड्यूल त्याला मग सापडत नाही. माउसचं मॉड्यूल आधीच चढलेलं असतं, म्हणून तो चालतो. उबंटू, फेडोरा जुनं कर्नल ठेवतात, तिथे हे सहसा होत नाही.

१७. झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आणल्या. आता सगळ्या फोल्डरचे शॉर्टकट झालेत.

विंडोजचा व्हायरस आहे. तुमची फोल्डर्स त्याने लपवली आणि त्याच नावाच्या 'एलएनके' फाइली ठेवल्या. लिनक्सवर त्या चालत नाहीत, आणि विंडोजने 'हिडन' केलेली फोल्डर्स लिनक्सला सरळ दिसतात. काही वेळा सगळं सामान एका बिननावाच्या फोल्डरमध्ये हलवलेलं असतं, रिकामी जागा दिसली तरी तिथे क्लिक करून बघा. आपल्या फाइली मशीनवर उतरवा, पेनड्राइव्ह फॉरमॅट करा. इथे मात्र फॉरमॅट कराच.

१८. शाळेच्या लॅबमध्ये आपोआप माउंट बंदच करायचं आहे.

चांगला विचार आहे. ग्नोममध्ये प्रश्न ५ मधल्या दोन्ही कळा बंद करा आणि 'ऑटोरन-नेव्हर' चालू ठेवा. पण मुलं क्लिक करून उघडतीलच. तेही नको असेल तर पोलकिटच्या नियमात विद्यार्थ्यांच्या खात्याला युडिस्क्सचं माउंट नाकारावं लागतं. एखादाच ठरावीक ड्राइव्ह लपवायचा असेल, जसं की लॅपटॉपमधलं रिकव्हरी पार्टिशन, तर युडेव्हच्या नियमात त्याचा यूयूआयडी देऊन 'युडिस्क्स इग्नोर' हे चिन्ह १ करा. मग कोणत्याही डेस्कटॉपला तो दिसत नाही.

१९. नवीन एसएसडीचं केसिंग घेतलं. माउंट होतं, मोठी कॉपी सुरू झाली की गायब होतं, परत येतं.

वायर आणि पोर्ट बदलून बघितलं असेल (प्रश्न ३), तर डीएमईएसजीमध्ये 'यूएएस' अक्षरं असलेल्या एररच्या ओळी शोधा. यूएएस ही वेगवान पद्धत आहे, पण काही केसिंगच्या चिपला ती नीट झेपत नाही. 'एलएसयूएसबी'त त्या केसिंगसमोर चार-चार अक्षरांचे दोन क्रमांक मध्ये अपूर्णविराम देऊन लिहिलेले असतात. ग्रबमध्ये (मशीन सुरू होताना कर्नल चढवणारा प्रोग्राम) कर्नलच्या ओळीला 'यूएसबी-स्टोरेज.क्वर्क्स' बरोबरचं चिन्ह देऊन ते दोन क्रमांक आणि शेवटी अपूर्णविराम व 'यू' लिहा, ग्रब अपडेट करा, रीबूट करा. वेग थोडा कमी होईल, डिस्क मात्र टिकून राहील. तरीही गायब होत असेल तर केसिंग बदलून घ्या. बिल ठेवलंय ना?